शाफई किनाऱ्यावरचे सयामी ताट

देवरूखच्या बाजारपेठेत थाई जेवण शोधायला कोणी जात नाही. संगमेश्वर तालुक्याचे हे ठाणे समुद्रापासून बरेच आत, सह्याद्रीच्या बाजूला सरकलेले. बाहेर खायचे म्हणजे येथे मिसळ, वडा-उसळ, माशाची थाळी, आणि अलीकडे दिवेलागणीला उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरचे 'चायनीज'. तरीही थाई उपाहारगृहात मुसलमान कुटुंबाने जेवायला बसावे का, बसायचे तर आधी काय विचारून घ्यावे, हा प्रश्न या तालुक्याला परका नाही. शास्त्री नदीच्या काठाने कसबा, फुणगूस अशा गावांतून कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आहे. या समाजातले पुरुष आधी बोटीवर गेले, मग मुंबईच्या गोद्यांत आणि कारखान्यांत, आणि १९७३ च्या तेलदरवाढीनंतर आखातात. सुरुवातीला एकेकटे गेले. पुढे ज्यांना जमले त्यांनी बायकामुले नेली. दुबईत किंवा कुवेतमध्ये सुट्टीच्या दिवशी बाहेर जेवायला निघालेल्या अशा कुटुंबापुढे जी दारे उघडी असतात, त्यांत थाई उपाहारगृहाचेही एक दार असते.

ही सारी हकीकत जागतिकीकरणाच्या प्रकरणात टाकून मोकळे होता येईल. आम्हांला तसे करणे पटत नाही. कोकणी मुसलमानाचे ताट आणि सयामच्या मुसलमानाचे ताट ही एकमेकांना बऱ्याच आधीपासून ओळखतात, आणि त्या ओळखीमागे नारळ व तांदूळ यांच्याइतकाच एक धर्मशास्त्रीय भेद उभा आहे. मराठीतल्या खाद्यविषयक लेखनात त्याची दखल आमच्या पाहण्यात क्वचितच आली. तो भेद शाफई आणि हनफी या दोन विधिपरंपरांमधला. हलालविषयीची आजची चर्चा मांसावर आणि शिक्क्यावर येऊन थांबते. किनाऱ्यावरच्या मुसलमानांचा विचार करायचा तर सुरुवात माशापासून करावी लागते.

पण त्याही आधी शब्दाकडे पाहू. अरबीत 'हलाल' म्हणजे विहित. ज्यावर बंधन नाही ते, मोकळे केलेले. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याचे तीन-चार वेगवेगळे संसार मांडून दिले. 'हलाल करणे' म्हणजे कापणे, आणि तेही बहुधा हाल करून कापणे. 'निमकहलाल' म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणारा. 'हलालखोर' म्हणजे मुळात कष्टाचे खाणारा. पण मुंबईच्या म्युनिसिपालिटीने एकोणिसाव्या शतकात मैला वाहणाऱ्यांच्या खात्याला आणि त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या पट्टीला हेच नाव दिले. शब्दाच्या या प्रवासात परवानगीचा अर्थ मागे पडला, सुरी तेवढी उरली. त्यामुळे मराठी वाचकाला 'हलाल भात' किंवा 'हलाल मासा' हे शब्दप्रयोग विचित्र वाटतात. वास्तविक भात हलाल आहे, मासा हलाल आहे, आंबाही हलाल आहे. निषिद्ध तेवढे थोडे.

सुरीशी हा शब्द जोडला गेला त्याला गावगाडाही कारण झाला असावा. देशावरच्या गावांत मुलाणी हा हक्कदार असे. बलुत्या-अलुत्यांच्या याद्यांत त्याची जागा गावोगाव बदलते, पण काम बदलत नाही. गावात बकरे कापायचे ते मुलाण्याने. मराठा कुळाच्या घरचे बकरेही तोच कापी, त्याबद्दल त्याचा वाटा ठरलेला असे, आणि ते मटण मग हिंदू पंगतीत वाढले जाई. कोकणात खोती पद्धतीमुळे बलुत्याची घडी देशावरइतकी बांधीव नव्हती. पण मांस कोणी कापले हे पुसण्याची गरज तेथेही पडत नसे, कारण कापणारा ओळखीचा असे. हलालची व्यवस्था तेव्हा ओळखीवर चालत होती. मुलाण्याला प्रमाणपत्र कोणी मागितले नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

आता किनारा. अरब प्रवासी अल्-मसूदी हा इसवी सन ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, आला होता. तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात असे तो लिहितो: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि येथेच जन्मलेले. त्यांचे तंटे त्यांच्याच कायद्याने सोडवणारा, स्थानिक राजाने मान्य केलेला प्रमुखही तेथे होता. उत्तरेत तुर्की सुलतानांची सत्ता येण्याच्या तीनेकशे वर्षे आधीची ही गोष्ट. उत्तर हिंदुस्थानात इस्लाम खुष्कीच्या वाटेने, मध्य आशियातून आला आणि हनफी परंपरा घेऊन आला. कोकणात तो गलबतातून उतरला. इराणचे आखात, येमेन, हद्रमौत येथल्या व्यापाऱ्यांबरोबर शाफई परंपरा आली आणि मान्सूनचे वारे जेथे जेथे गलबत नेऊन टेकवत तेथे तेथे ती रुजली: कोकण, भटकळ, मलबार, सिंहलद्वीप, सुमात्रा, मलाया. नकाशावर रेघ ओढली तर ही पट्टी किनाऱ्याला चिकटून चालते. आत शंभर कोस गेलो की हनफी मुलूख लागतो.

चौदाव्या शतकाच्या पाचव्या दशकात इब्न बतूता या पट्टीवरून गेला. गोव्याच्या दक्षिणेला होनावरला तो राहिला आणि तेथले लोक शाफई आहेत ही नोंद त्याने आवर्जून केली. (त्याच गावात मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा असल्याचेही तो सांगतो, हा आकडा शाळांच्या इतिहासकारांनी अधिक मनावर घ्यायला हवा.) पुढे सुमात्रात पोहोचल्यावर तेथला सुलतानही शाफईच, हे त्याने पुन्हा लिहिले. स्वतः इब्न बतूता मालिकी, मोरोक्कोचा. या किनाऱ्यावर त्याला सर्वांत जड गेला तो भात. होनावरच्या सुलतानाकडे अकरा महिने राहिलो आणि पोळीचे तोंड पाहिले नाही, असे तो म्हणतो. पुढे मालदीव, सिंहलद्वीप, मलबार मिळून तीन वर्षे भातच खाल्ल्याने तो पाण्याबरोबर गिळावा लागे, अशी त्याची तक्रार आहे. एका परीने किनाऱ्यावरच्या शाफई ताटाची ही पहिली समीक्षा.

याच शतकाच्या उत्तरार्धात माहीमला मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) झाले. कुराणावरचे त्यांचे अरबी भाष्य विद्वानांत मान्य आहे. त्यांचा दर्गा सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. मात्र शाफई विधिशास्त्रावर लिहिणारा हा कोकणचा पंडित होता, हे उरुसाच्या गर्दीत कोणाच्या ध्यानात नसते. मराठी वाङ्मयेतिहासाच्या चौकटीत अरबी लिहिणारा माहीमचा माणूस बसत नाही. चौकटीचे हे अपुरेपण मान्य करून पुढे जाऊ.

या परंपरेचा ताटाशी संबंध काय? थोडक्यात असा. हनफी मताप्रमाणे पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा खाण्याजोगा. माकूल, कालवे, तिसऱ्या, खेकडा हे मासे नव्हेत, म्हणून वर्ज्य. कोलंबीला मासा म्हणावे की नाही यावर हनफी पंडितांत शतकानुशतके वाद चालला आहे. शाफई मताप्रमाणे समुद्रातले जवळजवळ सारेच विहित. वाद असला तर तो जमीन आणि पाणी दोन्हीकडे वावरणाऱ्या जीवांबद्दल. त्यात बेडूक आणि मगर सरळ बाद होतात, आणि खेकड्यावर जुन्या ग्रंथकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. कोकणातल्या स्वयंपाकघराने मात्र त्या निकालाची वाट न पाहता कुर्ल्यांचे कालवण केले. आणि दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: मासा कापून रक्त वाहू देण्याची अट नाही, त्याच्यावर अल्लाचे नाव घेतले का हे विचारायचे नाही, तो कोणी धरला हेही विचारायचे नाही. हिंदू कोळ्याने, गाबिताने किंवा मुसलमान दालद्याने धरलेला बांगडा सारखाच. किनाऱ्यावरच्या मुसलमानाला रोजच्या जेवणात शेजाऱ्याच्या धर्माची चौकशी करावी लागली नाही, याचे एक साधे कारण हे आहे.

या शाफई पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला सयाम लागतो. रत्नागिरीकरांना त्या बाजूचे देश म्हटले की थिबा राजा आठवतो. तो ब्रह्मदेशचा, १८८६ ते १९१६ अशी तीस वर्षे आपल्याकडे कैदेत काढलेला. त्याच्याच कोनबाऊंग घराण्याच्या सैन्याने १७६७ मध्ये सयामची राजधानी अयुध्या धुळीस मिळवली होती. आमच्या विषयाला हा राजा उपयोगाचा नाही, पण ओळख जुनी असल्याने त्याला टाळून जाणे बरे दिसले नसते.

उपयोगाचा आहे तो तोमे पिरेश. हा पोर्तुगीज औषधविक्या १५१२ ते १५१५ या काळात मलाक्क्यात होता. १५०८ च्या अखेरीस आल्मेदाने दाभोळ जाळले, १५११ मध्ये आल्बुकेर्कने मलाक्का घेतले. त्या धामधुमीतच पिरेश आपली बखर लिहीत होता. मलाक्क्याच्या बंदरात कुठकुठले व्यापारी येतात याची त्याने एक लांबलचक यादी दिली आहे. त्या यादीत कैरो, मक्का, एडन आहेत, होर्मुझ आहे, गुजराती आहेत. आणि चौलचे, दाभोळचे, गोव्याचे लोक आहेत. तीच यादी पुढे चालत सयामी लोकांपर्यंत आणि पट्टाणीच्या लोकांपर्यंत जाते. दाभोळ वासिष्ठीच्या मुखाशी. त्याच्या दक्षिणेला जयगड, शास्त्रीच्या मुखाशी. या शास्त्रीच्या खाडीतून एके काळी गलबते संगमेश्वराच्या जवळपर्यंत वर येत. पुढे खाडी गाळाने भरत गेली. म्हणजे देवरूखच्या घाटमाथ्याकडून उतरलेला माल आणि पट्टाणीहून निघालेला माल एका बंदरात येऊ शकत होता, तेही पाचशे वर्षांपूर्वी. त्या बंदरातले दाभोळकर आणि पट्टाणीकर एका थाळीत जेवले असे सांगणारा कागद नाही. एकाच विधिपरंपरेच्या माणसांना परक्या बंदरात जेवणासाठी एकमेकांचा आधार वाटणे स्वाभाविक होते, एवढेच म्हणतो.

सयामच्या राजदरबारात मुसलमानी स्वयंपाक शिरला तो मात्र कोकणातून नव्हे, इराणातून. सतराव्या शतकाच्या आरंभी शेख अहमद नावाचा इराणी व्यापारी अयुध्येला गेला आणि राजाच्या मर्जीतला अधिकारी झाला. सयामी मुसलमानांच्या धर्मप्रमुखाचे 'चुलाराजमोन्त्री' हे पद त्याच्यापासून सुरू झाले. ते पद आजही आहे. शेख अहमद शिया होता, आणि त्याचे काही वंशज पुढे बौद्ध होऊन सयामच्या राजकारणातले मातब्बर बुन्नाग घराणे झाले. पुढे १६८५ मध्ये इराणच्या शाह सुलेमानाने अयुध्येला वकील पाठवले. त्या वकिलातीच्या चिटणीसाने, मुहम्मद रबी याने, प्रवासवृत्त लिहिले आहे. नारायण राजाला लहानपणापासून इराण्यांच्या घरी जाण्याची सवय होती आणि त्यांच्या खाण्यापिण्याची गोडी लागली होती, असे तो सांगतो.

त्या गोडीचा अवशेष म्हणून 'मस्समन' या रश्शाकडे बोट दाखवले जाते. हे नाव 'मुसलमान' या शब्दाचेच सयामी रूप मानतात. पुढे राजपदावर आलेल्या दुसऱ्या रामाने (कारकीर्द १८०९ ते १८२४) आपल्या प्रियेच्या पाककौशल्यावर एक काव्य रचले. त्याचा आरंभच मस्समनच्या स्तुतीने होतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एका बौद्ध राजकवीच्या काव्यात मुसलमानी रस्सा पहिल्या पानावर बसतो. आपल्याकडे हमीद दलवाईंच्या 'इंधन' (१९६५) मध्ये कोकणातले मुसलमान गाव उभे राहिले खरे, पण एकूण मराठी कथात्म साहित्यात कोकणी मुसलमानाच्या चुलीपर्यंत जाणारे लेखक थोडेच. त्या चुलीवर संगमेश्वरी बोलीच्या नात्यातली भाषा बोलली जाते, एवढ्यावरूनही कुतूहल वाटायला हरकत नव्हती.

मस्समन आणि आपली सागुती यांची तुलना करून पाहावी. थाई रश्शांत सहसा ओल्या पाल्याचा आणि मुळांचा जोर असतो. मस्समनमध्ये दालचिनी, लवंग, वेलची, जिरे, धणे असे कोरडे, भाजलेले मसाले येतात आणि ते नारळाच्या दुधात शिजतात. मिरची दोन्हीकडे पोर्तुगिजांच्या काळात आली. कोकणी बाईला यात अनोळखी असे दोनच जिन्नस सापडतील, शेंगदाणे आणि बटाटा; तेही या जागी अनोळखी, एरवी नव्हे. बाकीच्या थाई स्वयंपाकाचेही तसेच. ज्या गवताने तेथे रस्सा सुगंधी करतात तो आपला परसातला गवती चहा. आंबटाला तेथे चिंच आणि लिंबू, येथे आमसूल. 'कापी' नावाची जी चटणीसारखी गोळी प्रत्येक वाटणात जाते ती जवळ्याच्याच जातीच्या बारीक कोलंबीची. आपण जवळा वाळवून सुकट करतो, ते मीठ घालून आंबवतात. 'नाम प्ला' हे मासे मिठात मुरवून गाळलेले पाणी. शाफई मुसलमानाला यांतल्या कशाचीच अडचण नाही. अडचण येते ती पुढे: डुकराची चरबी, स्वयंपाकात घातलेली दारू, एकाच कढईत परतलेले दोन प्रकारचे मांस, आणि कोंबडी किंवा बैल कोणी कापला हा प्रश्न.

कोकणी मुसलमान परदेशी अन्नाला पहिल्यांदा मोठ्या संख्येने सामोरा गेला तो प्रवासी म्हणून नाही, खलाशी म्हणून. आगबोटींच्या काळात डेकवरच्या कामाला रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान, इंजिनघरात पंजाबी व पठाण, आणि गोऱ्या उतारूंच्या जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती, अशी विभागणी कंपन्यांनी पक्की केली होती. वरवर ही कामाची वाटणी दिसते. तिच्या मुळाशी ताटाची वाटणीही होती. साहेबाच्या भटारखान्यात डुक्कर आणि वाइन हाताळायची तर तेथे गोवेकर बरा. खलाशांचे जेवण वेगळे शिजे. सारंगाच्या टोळीचा स्वतःचा 'भंडारी' असे. हा भंडारी म्हणजे जहाजावरचा खलाशांचा आचारी. माडाची ताडी काढणारा भंडारी वेगळा. मुलाण्याप्रमाणे हाही ओळखीचा माणूस, बहुधा सारंगाने आपल्याच पट्ट्यातून भरती केलेला. लंडन, सिंगापूर, केपटाऊन, जेथे जहाज लागेल तेथे गावचा भात गावच्याच हाताने शिजे. हलाल काय, हे भंडाऱ्याच्या इमानावर सोपवले होते.

या व्यवस्थेचा एक परिणाम पुढे जाणवतो. मुंबईत मुसलमानी उपाहारगृहे काढली ती इराण्यांनी, गुजरातेतल्या चिलियांनी, मलबारच्या मापिल्यांनी, उत्तरेकडून आलेल्या आचाऱ्यांनी. कोकणी मुसलमानाने फारशी काढली नाहीत. या शहरात तो त्या सगळ्यांच्या आधीचा, जामा मशिदीच्या व्यवस्थेत त्याचा हात, जहाजमालक नाखुदे त्याच्यात. पण मोहम्मद अली रोडवर रमजानच्या रात्री त्याचे सांदण किंवा माकुलाचे सुके शोधावे लागते. पुरुष बोटीवर, बाई गावात, आणि नारळाचे दूध शिळे टिकत नाही. चूल गावीच राहिली हे आम्हांला त्याचे कारण वाटते. कोकणच्या जेवणाला शहरात नाव मिळाले ते पुढे 'मालवणी' या पाटीखाली.

शाफई पट्टीच्या दुसऱ्या टोकाला मात्र नेमके उलट घडले. पट्टाणी हे जुने मलय राज्य. १९०९ च्या करारात इंग्रजांनी आणि सयामने त्या मुलखावर रेघ ओढली, पट्टाणी सयामकडे गेले आणि केलान्तान, केडा इंग्रजांकडे. भाषा मलय, धर्म इस्लाम, परंपरा शाफई, राज्य बौद्ध राजाचे. कामधंद्यासाठी या मुलखातली माणसे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सीमा ओलांडून मलेशियात गेली आणि त्यांनी जेवणाची दुकाने काढली. मलेशियात त्या दुकानांना 'तोम याम' असेच म्हणतात, आपल्याकडे 'उडपी' म्हणावे तसे. चूल पेटवणारे पट्टाणीचे मुसलमान, बायकाही त्यात खांद्याला खांदा लावून. गिऱ्हाईक मलय मुसलमान. हलाल थाई उपाहारगृह ही वस्तू जगात सर्वसामान्य माणसाच्या ऐपतीत आली ती या दुकानांतून. बँकॉकमधल्या बड्या हॉटेलांचा त्यात काही वाटा नाही.

मुंबईत मात्र थाई जेवण वरून आले. कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात १९९३ मध्ये 'थाई पॅव्हिलियन' सुरू झाले आणि आनंद सोलोमन या आचाऱ्याने ते नावारूपाला आणले. तेथले जेवण उत्तम असल्याची ख्याती होती. पण पंचतारांकित पायऱ्या चढून जाणारे गिऱ्हाईक ठरावीक. कोकणातल्या मुसलमानाची थाई माणसाशी गाठ पडली ती आखातात, दोघेही मजूर असताना. सौदी अरेबियात तेव्हा थाई कामगार फार मोठ्या संख्येने होते. १९८९ मध्ये राजवाड्यातल्या हिऱ्यांच्या चोरीचे प्रकरण घडले, सौदीने थाई कामगारांना दारे बंद केली, आणि दोन्ही देशांचे संबंध पूर्ववत व्हायला जानेवारी २०२२ उजाडले. इतर आखाती देशांत थाई उपाहारगृहे वाढत राहिली. सौदीत आणि कुवेतमध्ये दारू व डुक्कर बंदच. दुबईत त्यासाठी वेगळा परवाना आणि वेगळा कोपरा. म्हणून तेथे कुटुंबाने काही न विचारता बसावे अशी सोय राज्यानेच करून ठेवलेली असते.

याची किंमत कळायला आपल्याकडची गोष्ट आठवावी. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर महाराष्ट्रात परवाने आले आणि 'परमिट रूम' ही पाटी आली. चांगला मासा मिळण्याचे ठिकाण आणि परमिट रूम हे समीकरण आपल्या हमरस्त्यांवर इतके पक्के झाले आहे की बायकामुलांसह निघालेल्या मुसलमान कुटुंबाला गाडी पुढे हाकावी लागते. इराण्याच्या हॉटेलातली पडद्याची 'फॅमिली रूम' याच अडचणीतून काढलेली तोड होती. तीही आता फारशी उरली नाही.

ओळखीच्या जागी आता शिक्का आला आहे. मलेशियाने सरकारी हलाल पत्रे द्यायला १९७४ मध्ये सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने 'हलाल' हा शब्द कसा वापरावा याची मार्गदर्शक तत्त्वे १९९७ मध्ये काढली. त्याच वर्षी थायलंडने इस्लामी संस्थांचा कायदा करून मध्यवर्ती इस्लामी समितीचे अधिकार बांधून दिले. चुलालाँगकॉर्न विद्यापीठात २००३ पासून हलाल विज्ञान केंद्र आहे. तेथे अन्नात डुकराचा अंश किंवा मद्यार्क आहे का हे प्रयोगशाळेत तपासतात. लोकसंख्येत मुसलमान जेमतेम वीसांत एक, तरीही हा देश हलाल अन्नाचा मोठा निर्यातदार झाला. प्रयोगशाळेला एक गोष्ट मात्र तपासता येत नाही. कालवांचा रस आटवून केलेला 'ऑयस्टर सॉस' थाई-चिनी परतलेल्या भाज्यांत सर्रास पडतो. तो हलाल आहे काय? थायलंडचा शिक्का शाफई धाटणीचा. तो होय म्हणणार. कडवा हनफी त्याच बाटलीला नाही म्हणेल. फुणगूसचा मुलगा आणि लखनौची सून एका टेबलावर बसली तर शिक्का एकच, पण उत्तरे दोन. गेल्या काही दशकांत हनफी मदरशांत शिकलेले मौलवी कोकणातही येऊ लागले आहेत, आणि आजी जे कालवण निर्धास्तपणे करी त्याबद्दल नातू शंका विचारू लागला आहे, हेही याच गोष्टीचे दुसरे अंग.

आणि या शिक्क्यावर आता बाहेरूनही दडपण आहे. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राच्या निर्यात प्राधिकरणाने लाल मांसाच्या नियमपुस्तिकेतून 'हलाल' हा शब्द काढला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशाने हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली. निर्यातीला मोकळीक ठेवली. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय आणि बंदरे खात्याचे मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटिकांच्या झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केले. ज्या महाराष्ट्रात मुलाण्याने कापलेले बकरे सर्व पंगतींत चालत होते, तेथे आता मांसाला दोन शिक्के. जे खाते कापण्याची अट नसलेल्या माशांचे, त्याच्याच मंत्र्याने हे करावे हा योगायोग आम्ही नुसता टिपून ठेवतो. परिणाम एवढाच झाला आहे की पुण्यामुंबईच्या उपाहारगृहात 'हलाल आहे का?' असा प्रश्न वेटरला विचारताना कुटुंबातली बाई आता आधी शेजारच्या टेबलाकडे पाहते. आजेसासऱ्यांच्या बोटीवर हा प्रश्न उच्चारावाच लागत नव्हता.

म्हणून थाई उपाहारगृहात बसलेल्या खाडीपट्ट्यातल्या कुटुंबाने यादीची कुठली पाने कशी वाचावीत हे ठरून गेलेले आहे. लिंबाच्या रसात वाफवलेला मासा, कोलंबीचा तोम याम, गवती चहाच्या वासाचे माकूल: येथे विचारायचे काही नाही, फार तर कढई वेगळी आहे का एवढे. हे सारे त्यांच्या परंपरेने सातशे वर्षांपूर्वीच मंजूर केलेले आहे. थांबून विचारावे लागते ते मस्समनपाशी. ज्या रश्शाच्या नावातच मुसलमान आहे, त्यातली कोंबडी कोणी कापली ते.